वनोपजाची वाहतूक आणि चालकाचा परवाना

पूर्वी रानातून बांबू अथवा लाकूड रस्त्यापर्यंत आणण्याचे काम बैलगाडीचे असे, व तेथून पुढे ते ठेकेदाराच्या ट्रकने जात असे. 2006 च्या वनहक्क अधिनियमाने बांबूसह गौण वनोपजावरील ग्रामसभांचा हक्क मान्य केला, आणि 2011 साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या हाती वाहतूक पासांचे पुस्तक आले. त्यानंतर अनेक गावांतून माल गावच्याच ट्रॅक्टर-ट्रॉलीत भरला जाऊ लागला आहे. शेताच्या बांधावर साग लावणारे शेतकरीही आपला माल स्वतः नेऊ पाहतात. ही गोष्ट इष्टच होय. परंतु वाहन गावचे झाले म्हणजे चालकही गावचाच तरुण असतो, आणि त्याच्यापाशी योग्य परवाना आहे की नाही याची चौकशी बहुधा अपघात घडल्यावरच होते.

परवान्याला सरकारी कागदांत अनुज्ञप्ती व बोलण्यात लायसन म्हणतात. मोटार वाहन अधिनियम, 1988 प्रमाणे ज्या ट्रॅक्टरचे रिकामे वजन 7,500 किलोपेक्षा अधिक नाही तो 'हलके मोटार वाहन' या वर्गात मोडतो. शेतीचे सर्वसाधारण ट्रॅक्टर यात सहज बसतात. वयाची 18 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस हा परवाना मिळू शकतो. प्रथम शिकाऊ परवाना घ्यावयाचा. त्याची मुदत सहा महिने असते, व तो मिळून 30 दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली तर निराळा परवाना लागतो काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. ट्रॅक्टर चालविण्यास पात्र असलेला चालक केवळ ट्रॉली जोडल्यामुळे अपात्र ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली दिलेला आहे. ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी मात्र हवी, आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक ट्रॉलीच्या मागील बाजूस स्पष्ट दिसला पाहिजे.

माल वाढला की ट्रक घेण्याचा विचार सुरू होतो. येथून पायऱ्या बदलतात. मालासह एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये निश्चित केले. त्याहून अधिक, 12,000 किलोपर्यंतचे वाहन मध्यम व त्यापुढचे जड समजले जाते. या दोहोंसाठी वय किमान 20 वर्षे असावे लागते, हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो, डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण शाळेचा दाखलाही लागतो. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट 2019 साली काढून टाकण्यात आली. शाळा लवकर सुटलेल्या पुष्कळ चांगल्या चालकांना ही बातमी अद्याप ठाऊक नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती आवर्जून सांगावी. ज्यास पुढे ट्रक चालवावयाचा आहे त्याने हलक्या वाहनाचा परवाना आजच काढावा, कारण ते एक वर्ष पैसे भरून कमी करता येत नाही.

परवान्यासाठी द्यावयाच्या चाचणीत रिकामे वाहन वळविणे व मागे घेणे पाहिले जाते. जंगलातील उतारावर भरलेली ट्रॉली काय करते, हे त्या मैदानावर कळत नाही. चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास असते. सागाच्या वाळलेल्या लाकडाचा एक घनमीटर सुमारे साडेसहाशे किलो भरतो, ओले लाकूड त्याहून बरेच जड. म्हणजे पाच-सहा घनमीटर ओंडके भरले की मागचे ओझे पुढच्या ट्रॅक्टरच्या दुप्पट होते, आणि आपल्याकडील बहुतेक ट्रॉलींना स्वतःचे ब्रेक नसतात. चढावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो, उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. अशा वेळी चालकाने एकाएकी ब्रेक दाबला व चाके किंचित तिरपी असली, तर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा फिरवून उलथवते. म्हणून जो चढ ज्या गिअरमध्ये चढता तो उतार त्याच गिअरमध्ये, उतरण्यापूर्वीच गिअर टाकून, उतरावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करण्याची खोड अत्यंत घातक आहे. शेतात वळण घेण्यासाठी सुटे ठेवलेले डावे-उजवे ब्रेकचे पेडल रस्त्यावर येताच खिटीने एकत्र जोडावेत. वेग दुप्पट झाला की वाहन थांबण्यास ब्रेक लागल्यापासून चौपट अंतर लागते, हेही लक्षात असू द्यावे.

ट्रॉली चिखलात रुतली असता साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. मागच्या आसाला किंवा त्याहून वर बांधल्यास पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे पालथा होतो, व उडी मारण्यासही वेळ राहात नाही. ओंडके भरताना जाड खाली व बारीक वर ठेवून दोन्ही बाजूंस मजबूत खुंट लावावेत. भरलेल्या मालावर मजूर बसविणे ही तर आपल्याकडील नित्याची चाल झाली आहे. ट्रॅक्टरला आसन एकच असते. मडगार्डवर किंवा ओंडक्यांवर बसलेल्या माणसाची नुकसानभरपाई विमा कंपनी बहुधा नाकारते, आणि घरचा कर्ता गेलेल्या कुटुंबाला न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

स्वतःच्या शेतीसाठी वापरलेला ट्रॅक्टर नियमांप्रमाणे वाहतूक वाहन नव्हे. तोच भाड्याने दुसऱ्याचे लाकूड वाहू लागला म्हणजे नोंदणी व विमा त्या कामास लागू पडतो किंवा नाही हे आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे विचारून घ्यावे. परवाना नसलेल्यास वाहन चालवू देणाऱ्या मालकास अधिनियमाप्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. चालकासही तीच शिक्षा आहे. अठरा वर्षांखालील मुलाने अपराध केल्यास पालक वा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. वनोपजाचा वाहतूक पास ही निराळी बाब असून तो मालाचा असतो, चालकाचा नव्हे. दोन्ही कागद सोबत हवेत.

मध्यम व जड वाहनाच्या परवान्याची मुदत पाच वर्षे असते. पूर्वी मुदत संपल्यावर 30 दिवसांची सवलत होती. 2019 च्या दुरुस्तीने ती गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीपूर्वी एक वर्षापासून करता येतो. मुदत संपून एक वर्ष उलटले तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. ज्या ग्रामसभेचे किंवा सहकारी संस्थेचे वाहन आहे तिने चालकांच्या परवान्यांच्या तारखा आपल्या नोंदवहीत लिहून ठेवाव्यात, आणि बांबूतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या एकदा तपासून पाहाव्यात.