नभोवाणी केंद्राची ध्वनिरूप ओळख : एक भाषाशास्त्रीय टिपण

वर्तमानपत्राला मथळा असतो, ग्रंथाला मुखपृष्ठ असते, दुकानाला पाटी असते. नभोवाणी केंद्राजवळ यांपैकी काहीच नसते. श्रोता कळ फिरवितो आणि जो आवाज कानी पडतो त्यावरूनच आपण कोठे येऊन पोहोचलो हे त्याला ठरवावे लागते. केंद्राने आपली ओळख ध्वनीतूनच उभारली पाहिजे हे यावरून उघड होते. परंतु एखादा ध्वनी ‘ओळख’ या पदाला कसा पोहोचतो, हा प्रश्न केवळ संगीतकाराचा किंवा जाहिरातदाराचा नाही. तो चिन्हविचाराचा, आणि म्हणून भाषाशास्त्राचाही आहे. प्रस्तुत टिपणात त्याचा थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

प्रथम अमेरिकेतील एन.बी.सी. या प्रसारणसंस्थेचे उदाहरण घेऊ. तिचे चिन्ह म्हणजे घंटेचे तीन स्वर : पाश्चात्त्य लिपीत जी, ई, सी. सी हा षड्ज मानल्यास आपल्या परिभाषेत ते मंद्र पंचम, मध्य गंधार आणि मध्य षड्ज होतात. कार्यक्रम संपल्याची खूण साखळीतील निरनिराळ्या केंद्रांवरील तंत्रज्ञांस मिळावी व त्यांनी पुढील जोडणी करावी, हा या स्वरांचा मूळ उपयोग. रोज ऐकता ऐकता श्रोत्यांनी त्यांस संस्थेचे नावच मानले. १९५० साली या स्वरांची अधिकृत चिन्ह म्हणून नोंदणी झाली. केवळ ध्वनीला अशी नोंदणी मिळण्याचे अमेरिकेतील हे पहिले उदाहरण मानले जाते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या स्वरांत संस्थेचे वर्णन करणारे काहीही नाही. ध्वनी आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे तत्त्व येथे शब्दाच्या आधाराविना सिद्ध झालेले दिसते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर प्रसंगातील आहे. जानेवारी १९४१ मध्ये बी.बी.सी.च्या बेल्जियन विभागातील व्हिक्टर द लाव्हले यांनी जर्मनव्याप्त प्रदेशातील देशबांधवांस ‘व्ही’ हे अक्षर प्रतिकाराची खूण म्हणून सुचविले. फ्रेंचमधील ‘विजय’ आणि फ्लेमिशमधील ‘स्वातंत्र्य’ या दोन्ही अर्थांच्या शब्दांचे ते आद्याक्षर होते. मोर्स लिपीत या अक्षराचे रूप तीन ऱ्हस्व व एक दीर्घ असे आहे. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा आरंभही याच लयीत होतो. नगाऱ्यावरील हे चार ठोके युरोपसाठी होणाऱ्या प्रसारणाची खूण बनले. जर्मनव्याप्त प्रदेशात परकी नभोवाणी ऐकणे हा दंडनीय अपराध होता, आणि शत्रूकडून प्रसारणात मुद्दाम खरखर मिसळली जात असे. अशा वेळी सूक्ष्म स्वरभेद पुसले जातात, पण ऱ्हस्वदीर्घाचा भेद टिकतो. क्षणभर कान लावून आपले केंद्र ओळखता येणे, ही त्या श्रोत्याच्या दृष्टीने सोय नव्हती, सुरक्षितता होती.

या दोन उदाहरणांवरून तीन गमके हाती येतात. पहिले भेदकत्व : शेजारच्या केंद्राच्या खुणेहून ही खूण निराळी असली पाहिजे. दुसरे दृढता : गोंगाटातही तिचा सांगाडा शाबूत राहिला पाहिजे. तिसरे नियतस्थान : ती ठराविक जागी, ठराविक रूपात पुनःपुन्हा आली पाहिजे. पहिले गमक आपल्याला स्वनिमाची आठवण करून देते. मात्र हे साम्य फार ताणू नये. स्वनिम दुसऱ्या स्वनिमांशी जुळून शब्द घडवितो, तर केंद्राचा ध्वनी एकटाच उभा राहतो. त्याचे खरे नाते विशेषनामाशी आहे, कारण तो वर्णन करीत नाही, निर्देश करतो.

आपल्या आकाशवाणीची संकेतधून या दृष्टीने अभ्यासनीय आहे. ती मुंबईत आश्रयास आलेले ज्यू संगीतकार वॉल्टर काऊफमान यांनी १९३६ च्या सुमारास रचली असे सामान्यतः मानले जाते. तिची स्वररचना शिवरंजनीशी जुळणारी मानतात. खाली तंबोरा आणि वर पाश्चात्त्य तंतुवाद्ये अशी तिची मांडणी आहे. तीत शब्द नाहीत, त्यामुळे ती कोणत्याही एका भाषेची होत नाही. बहुभाषिक देशातील केंद्रांना एका नावाखाली आणण्यास हा गुण उपकारक ठरला असावा.

शब्दरूप ओळखही कमी महत्त्वाची नाही. ‘आकाशवाणी. अमुक आपल्याला बातम्या देत आहे,’ हे वाक्य मराठी श्रोत्यास चिरपरिचित आहे. त्यातील ‘देत आहे’ हे रूप ‘मी’ला चालते, ‘तो’ला चालते आणि ‘ती’लाही चालते. दुसऱ्याचा आदराने उल्लेख करावयाचा असता तर आपण ‘देत आहेत’ म्हटले असते. एकवचन आले ते निवेदक स्वतःचेच नाव घेत आहे म्हणून. स्वतःला नम्रतेचे एकवचन आणि श्रोत्याला आदराचे ‘आपण’, एवढ्या व्याकरणातून संस्थेची वृत्ती प्रकट होते. ओळख म्हणजे केवळ धून नव्हे, तर श्रोत्याशी जोडलेले नातेही असते, ते असे.

२००१ पासून आपल्याकडे खाजगी एफ.एम. केंद्रे सुरू झाली. त्यांच्या गाऊन सांगितलेल्या नावांना वरील गमके लावून पाहावीत. त्यासाठी एक साधी कसोटी सुचवितो. ध्वनिमुद्रणातून केंद्राचे नाव व आकडा गाळावा आणि उरलेला भाग नित्याच्या श्रोत्यास ऐकवावा. त्याने केंद्र ओळखले तर ध्वनीला ओळखीचे सामर्थ्य आहे. न ओळखले तर तेथे नुसती सजावट आहे, आणि ओळखीचा सारा भार नावावर पडला आहे. सगळेच एका घाईने, एका ठेक्यात बोलू लागले म्हणजे भेदकत्व नाहीसे होते. मग कितीही पुनरावृत्ती केली तरी ती व्यर्थ जाते.

ही कसोटी आपल्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगी आहे. तिची निकडही आहे. लिखित मजकूर कपाटात राहतो, पण निवेदनाचा स्वर मुद्रित करून ठेवला नाही तर हवेतच विरतो. ज्या वाक्यांनी मराठी घरांची सकाळ होत असे, त्यांच्या उच्चाराचा अभ्यास पुढील पिढीला केवळ वर्णनावरून करावा लागू नये, एवढीच अपेक्षा आहे.