माइक हलतो कोणत्या दिशेला?

एक जाडसर रबरबँड घ्या आणि त्याला बऱ्यापैकी वजनदार कुलूप अडकवा. वरचं टोक बोटांत धरून हात अगदी सावकाश वरखाली करा. कुलूप हाताबरोबर जाईल, हाताबरोबर येईल. मध्ये रबर आहे हे जाणवणारही नाही. आता वेग थोडा वाढवा. एका ठरावीक लयीला कुलूप हातापेक्षा कितीतरी मोठ्या उड्या मारू लागेल. त्याहूनही जलद, नुसता थरथरवल्यासारखा हात हलवा. हात हलतोय, रबर ताणतंय आणि आकसतंय, पण कुलूप जवळपास जागच्या जागी.

चित्रपटाच्या सेटवर किंवा माहितीपटाच्या चित्रीकरणात लांब काठीच्या, म्हणजे बूमच्या टोकाला मायक्रोफोन असतो. तो काठीला थेट आवळत नाहीत. मध्ये शॉकमाउंट असतं, आणि त्याच्याकडून अपेक्षा असते ती कुलपाच्या या तिसऱ्या अवस्थेची: काठी थरथरली तरी माइक शांत राहावा. पहिल्या दोन अवस्थाही त्याच रबरात दडलेल्या असतात, हे मात्र खरेदीच्या वेळी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शॉकमाउंट निवडताना पाहिला जातो तो माइकचा व्यास. १९ मिलिमीटरचा माइक, १९ मिलिमीटरची क्लिप, झालं. एका कॅप्सूलच्या माइकला हे कसंबसं चालून जातं. स्टिरिओ माइकला चालत नाही, आणि का चालत नाही हे पदार्थविज्ञान अगदी स्पष्टपणे सांगतं.

माइकच्या आत, म्हणजे त्याच्या कॅप्सूलमध्ये, काही मायक्रॉन जाडीचा एक पडदा ताणून बसवलेला असतो. आवाज आला की पडदा हलतो आणि भोवतालची चौकट स्थिर राहते. काठीतून थरथर आली की चौकट हलते आणि पडदा आपल्या जडत्वामुळे मागे राहतो. दोन्ही वेळा पडदा आणि चौकट यांच्यातलं अंतर बदलतं आणि वीज तेवढंच ओळखते. यात तुल्यबळ सामनाही नाही. नेहमीच्या बोलण्याची पातळी ६० डेसिबेलच्या आसपास असते. त्या पातळीला १००० हर्ट्झच्या स्वरासाठी हवेचे कण मधल्या जागेपासून जेमतेम दहाएक नॅनोमीटर सरकतात. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. काठीवरची पकड बदलताना बोट घासलं, अंगठी लागली, काठीच्या पोकळीत केबल आपटली, तर होणारी हालचाल यापेक्षा प्रचंड मोठी असते. त्यात हल्लीच्या बूम कार्बन फायबरच्या. खांद्यांना त्या हलक्या म्हणून वरदानच, पण ताठ असल्यामुळे हातातली थरथर टोकापर्यंत बिनबोभाट पोचवतात.

ही थरथर कुठून पुढे अडेल हे एका आकड्यावर ठरतं. तो आकडा म्हणजे माइक आणि त्याचं शॉकमाउंट यांची मिळून असलेली स्वाभाविक वारंवारता, म्हणजेच कुलूप ज्या लयीला उड्या मारत होतं ती लय. थरथरीची वारंवारता याच्या सुमारे १.४ पटीच्या वर गेली की अटकाव सुरू होतो. पाच पटीला थरथरीचा साधारण चोविसावा भाग पलीकडे पोचतो आणि दहा पटीला जेमतेम शंभरावा. हा हिशेब आदर्श स्प्रिंगचा आहे. प्रत्यक्ष रबर थोडी ऊर्जा जिरवतं, त्यामुळे मधल्या लयीच्या उड्या आवरतात, पण वरच्या पट्ट्यातला अटकावही काहीसा कमी होतो.

हा आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही, फूटपट्टी पुरते. माइक बसवल्यावर त्याच्या वजनाने आधार किती खाली वाकतो ते सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. एक सेंटिमीटर वाकला तर ५ हर्ट्झ. चार मिलिमीटर वाकला तर ८ च्या जवळ. एकच मिलिमीटर वाकला तर जवळपास १६. शालेय गणितातलं हे सूत्र इतक्या नाजूक उपकरणाला थेट लागू पडतं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

वजनाचं महत्त्व यातूनच कळतं. सेनहायझरचा एमकेएच ४१६ हा सिनेमात सर्रास दिसणारा एका कॅप्सूलचा माइक १६५ ग्रॅमचा आहे. रोडचा एनटी४ हा स्टिरिओ माइक सुमारे ४८० ग्रॅमचा. आता असं समजा की एखादं शॉकमाउंट ४०० ग्रॅमला ८ हर्ट्झवर उत्तम बसलं. त्याच्यावर १०० ग्रॅमचा माइक ठेवला तर आकडा दुप्पट होऊन १६ वर जातो, आणि ८० हर्ट्झच्या ज्या थरथरीचा शंभरावा भाग पोचत होता तिचा चोविसावा भाग पोचू लागतो. क्लिप तीच, व्यास तोच, काम चौपटीने ढिलं. उलट हलक्या माइकसाठी बनवलेल्या आधारावर जड स्टिरिओ माइक चढवला तर तो शेवटपर्यंत वाकून बसतो. मग जरा झटका लागला की माइक वाऱ्यापासून जपणाऱ्या झेपेलिनच्या जाळीला ठोकर देतो. मधली लवचीकता संपलेली असते, त्यामुळे काठी आणि माइक एकसंध झालेले असतात.

इथवरचं सगळं कुठल्याही माइकला लागू आहे. स्टिरिओत यापुढे दिशेचा प्रश्न येतो.

पडदा थरथर ओळखतो ती मुख्यतः स्वतःच्या पृष्ठाला काटकोनात असलेल्या दिशेची. लांबट शॉटगन माइकचा पडदा नळीच्या तोंडाकडे बघत बसलेला असतो, म्हणून त्याला नळीच्या लांबीच्या दिशेने, पुढे-मागे बसणारे धक्के सर्वांत जास्त भोवतात. आडवे धक्के तो बऱ्याच अंशी सोडून देतो. शॉकमाउंट बनवणाऱ्यांनी हे ओळखून रचना केल्या. इंग्लंडमधल्या रायकोट कंपनीचा लायर हे त्याचं सुंदर उदाहरण आहे. ताणलेल्या रबराऐवजी त्यात हायट्रेल या लवचीक प्लास्टिकची नागमोडी वळणाची कमान असते. ती माइकला लांबीच्या दिशेने मोकळं हलू देते आणि वरखाली व आडवं हलणं आवरून धरते. त्यामुळे बूम झटकन फिरवली तरी माइक झेपेलिनच्या भिंतीवर आपटत नाही. शॉटगनसाठी याहून नेमकं काही मी पाहिलेलं नाही.

आता मिड-साइड पद्धतीचा स्टिरिओ माइक घ्या. या पद्धतीची मुळं ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याच्या कामात आहेत. ईएमआय कंपनीत असताना डिसेंबर १९३१ मध्ये त्याने स्टिरिओ ध्वनीच्या एकस्वासाठी अर्ज केला, आणि आजच्या स्टिरिओतली बहुतेक मूलतत्त्वं त्या एका दस्तऐवजात सापडतात. (१९४२ मध्ये रडारच्या चाचणीसाठी उडालेलं विमान कोसळून तो गेला, तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता.) मिड-साइडमध्ये एक कॅप्सूल समोर बघतं, ते एम. दुसरं आडवं बसतं आणि डाव्या-उजव्या बाजूंनी इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकारात ऐकतं, ते एस. दोन्हींची बेरीज केली की डावी वाहिनी मिळते, वजाबाकी केली की उजवी.

एसचा पडदा बाजूला तोंड करून आहे. म्हणजे त्याला भोवणारा धक्का आडवा, आणि शॉटगनसाठी उत्तम असलेलं शॉकमाउंट नेमकं त्याच दिशेला ताठ. शिवाय आठच्या आकड्याचं कॅप्सूल मुळातच हळवं असतं. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक तेवढा ते मोजतं. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळपास ७ मीटर, तेव्हा काही मिलिमीटरच्या अंतरात दाबाचा फरक पडणार तो किती? तेवढ्याशा फरकाने हलावं म्हणून पडदा सैल ताणावा लागतो, आणि सैल पडदा धक्क्यालाही तितक्याच सहज हलतो. सर्व दिशांनी सारखं ऐकणाऱ्या माइकचा पडदा ताठ असतो, म्हणून तसे दोन छोटे माइक अंतरावर लावून केलेलं स्टिरिओ ध्वनिमुद्रण साध्या शॉकमाउंटवरही निभावून जातं.

एक्स-वाय पद्धतीतही दिशेच्या कचाट्यातून सुटका नाही. एनटी४ मध्ये दोन कॅप्सूलं एकमेकांशी ९० अंशांत कायमची बसवलेली आहेत, म्हणजे प्रत्येक कॅप्सूल मधल्या रेषेपासून ४५ अंश कललेलं. पुढून आलेला धक्का दोघांत सारख्याच दिशेने उमटतो आणि आडवा धक्का एकमेकांच्या विरुद्ध.

हा विरुद्धपणा घातक आहे, कारण तो लपतो. मिड-साइडमध्ये डाव्या आणि उजव्या वाहिन्या एकत्र केल्या की एस पूर्णपणे नाहीसा होतो. बूम धरणारा नुसता एम ऐकत असेल, किंवा कॅमेऱ्याकडे जाणारा आवाज एकाच वाहिनीचा असेल, तर एसमधली घरघर कोणाच्याच कानावर पडत नाही. मोबाइलच्या एकुलत्या स्पीकरवरही नाही. ती उघडी पडते मिक्सिंगच्या टेबलावर: डाव्या-उजव्या बाजूंना उलटसुलट ढकलणारा, हेडफोनमध्ये कानावर दडपण आल्यासारखा वाटणारा खोल आवाज. तोपर्यंत चित्रीकरण आटोपलेलं असतं.

मग खालचा पट्टा फिल्टरने कापून टाकावा, असा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. आषाढी वारीचं उदाहरण घ्या. संवाद एका कॅप्सूलने टिपतात, पण दिंडीचा घेर, डावीकडून उजवीकडे सरकणारे टाळ, मागून येणारा गजर हे स्टिरिओचंच काम. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा भरीव आवाज आणि पकडीची घरघर एकमेकांच्या शेजारच्या पट्ट्यांत राहतात; फिल्टर एकाला कापताना दुसऱ्याला इजा करतोच. आणि मोठ्या धक्क्याने माइकच्या आतला किंवा रेकॉर्डरच्या तोंडाशी असलेला ॲम्प्लिफायर आधीच क्षमतेबाहेर गेला असेल, तर विकृती वरच्या सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते. ती नंतर कशानेच निघत नाही.

वारीत आणखी एक पेच आहे. चालणाऱ्या माणसाची लय सेकंदाला साधारण दोन पावलं. ही २ हर्ट्झची हालचाल शॉकमाउंट अडवू शकत नाही. ती कुलपाची पहिली अवस्था आहे. पण टाच टेकतानाचा प्रत्येक झटका ४, ६, ८ हर्ट्झच्या पटींतही ऊर्जा सोडतो. आधार फार मऊ, ४-५ हर्ट्झचा घेतला, तर तो पावलांच्या दुप्पट लयीशी जुळून माइक डुलू लागेल. म्हणून ‘जितकं मऊ तितकं चांगलं’ हेही खरं नाही. चालत टिपायचं असेल तर मी थोडा ताठ आधार निवडेन आणि काठी कोपर मोकळं ठेवून धरेन. तोच माइक आंबोलीच्या पावसाळी रात्री बेडकांसाठी स्टँडवर तासन्‌तास ठेवायचा असेल, तर सर्वांत मऊ, पण तळाला न टेकणारा आधार घ्यावा. लायर वेगवेगळ्या कठीणपणात मिळतात आणि त्यांचा कठीणपणा शोर या मापात देतात. वजन आणि काम पाहून ते बदलता येतात. मिड-साइडच्या दोन माइकसाठी दुहेरी क्लिपही असतात. दोन्ही माइक एकमेकांना घट्ट धरून एकाच आधारावर झुलले पाहिजेत, वेगवेगळ्या नव्हे. शिवाय जोडीचा गुरुत्वमध्य दोन कमानींच्या मधोमध यावा, नाहीतर माइक पुढे-मागे माना डोलावतो.

साध्या रबरी कड्यांची शॉकमाउंटं स्वस्त आणि चारही बाजूंनी बऱ्यापैकी मऊ असतात, त्यामुळे स्टिरिओसाठी त्यांना माझी हरकत नाही. मात्र नैसर्गिक रबराच्या रेणूंमधले दुहेरी बंध हवेतल्या ओझोनने तुटतात. ऊन आणि उष्णता त्यात भर घालतात. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत राहिलेलं रबर चिरा पडून कडक होतं, म्हणजे आकडा गुपचूप वर सरकतो. कडी दर मोसमाला बदलावीत.

केबल तर सगळं केलंसवरलं पाण्यात घालू शकते. माइक कितीही छान झुलवला आणि त्यातून निघणारी जाड केबल काठीला ताणून बांधली, तर थरथर शॉकमाउंटला वळसा घालून केबलमधून थेट आत शिरते. स्टिरिओची केबल एकाऐवजी दोन वाहिन्या नेते म्हणून ती सहसा जास्त जाड असते. माइकपासून पहिल्या बांधणीपर्यंतचा तुकडा बारीक, लवचीक आणि ढिल्या वळणाचा हवा.

दुकानात हे सगळं पडताळता येतं. स्वतःचा माइक आणि केबल घेऊन जा, आणि आधार तीन स्थितींत धरून फूटपट्टीने मोजा. आधी नेहमीसारखा आडवा: यातून उभ्या दिशेचा मऊपणा कळतो. मग माइकचं तोंड जमिनीकडे करून: ही लांबीची दिशा, एमची. शेवटी आधार कुशीवर वळवून, एसच्या कॅप्सूलची बाजू खाली करून. याच स्थितीत आधार जेमतेम मिलिमीटरभर वाकत असेल, तर आडव्या दिशेला तो १६ हर्ट्झचा आहे, बाकी दोन दिशांना कितीही मऊ असो. त्यानंतर हेडफोन लावा, एम बंद करा, एसचा आवाज वाढवा आणि काठीवरून नखं फिरवा, पकड बदला, काठी झटकन वळवून एकदम थांबवा. शॉकमाउंटची निवड एसमध्ये काय ऐकू येतं त्यावर करा.