काचपट्टीवरच्या फुगलेल्या पेशी

ऑगस्ट २०२२मध्ये मेंदूशास्त्रज्ञ पॅट्रिक मॅकगीर वयाच्या ९५व्या वर्षी गेले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून बास्केटबॉल खेळलेले, पुढे ब्रिटिश कोलंबियाचे शिक्षणमंत्री झालेले. पण पत्नी एडिथ यांच्यासोबत सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी जे पाहिलं, ते मला या सगळ्याहून मोठं वाटतं.

शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदूच्या उंबऱ्याबाहेरच थांबते, अशी त्यांनी हे काम केलं तेव्हाची समजूत. मायक्रोग्लिया या मेंदूतल्याच रोगप्रतिकारक पेशी स्पेनच्या रिओ ओर्तेगा यांनी १९१९मध्येच वेगळ्या ओळखल्या होत्या, तरी चेतापेशींपुढे त्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं. मॅकगीर दाम्पत्याने मृत रुग्णांच्या मेंदूचे काप रंगवून पाहिले. पार्किन्सनमध्ये मध्यमेंदूतला एक काळसर पट्टा फिका पडतो, कारण तिथल्या पेशी मरत जातात. नेमक्या त्याच जागी मायक्रोग्लियांनी गर्दी केली होती. एरवी बारीक फांद्या पसरून असणाऱ्या या पेशी फुगल्या होत्या आणि रोगप्रतिकाराची खूण, एचएलए-डीआर, त्यांच्यावर ठळक उमटली होती. अल्झायमरच्या मेंदूतही तेच. तो शोधनिबंध १९८८चा.

हे सगळं दाहाचं लक्षण. मग दाह आहे, तर दाहशामक गोळी का नको? संधिवाताचे रुग्ण वर्षानुवर्षं अशा गोळ्या घेतात आणि त्यांच्यात अल्झायमर कमी आढळतो, हे त्यांनी १९९०मध्ये मांडलं. डॅप्सोन हे दाहही शमवणारं औषध घेत राहिलेल्या जपानी कुष्ठरुग्णांतही स्मृतिभ्रंश कमी दिसला. आशा वाढली. मग अमेरिकेत नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाहशामक गोळ्यांची मोठी प्रतिबंधक चाचणी झाली. हृदयाला धोका असल्याच्या शंकेने डिसेंबर २००४मध्ये गोळ्या बंद कराव्या लागल्या, आणि अल्झायमर टळतो असंही दिसलं नाही.

दाहाचा विषयच तिथे मिटला, असं अनेकांनी धरलं. ती घाई होती. २०१२च्या अखेरीस टीआरईएम२ या जनुकातला एक बदल अल्झायमरचा धोका बराच वाढवतो, हे समजलं; आणि मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियांतच काम करतं. या बदलाने पेशींचं सफाईचं आणि राखणीचं काम कमी पडतं. म्हणजे ज्यांना सरसकट शांत करायला निघालो होतो, त्यांची मेंदूला गरजही होती.

नव्वदी ओलांडल्यावरही मॅकगीर आयबुप्रोफेन ही दाहशामक गोळी लवकर सुरू करा, असंच सांगत राहिले. त्याला पुरेसा पुरावा नव्हता, आजही नाही, आणि त्यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी हे लिहायलाच हवं. टीआरईएम२ला चालना देणाऱ्या एका प्रतिपिंडाची चाचणीही २०२४मध्ये अयशस्वी ठरली. या पेशींना कधी आवरायचं आणि कधी बळ द्यायचं, यावर आता प्रयोगशाळांत काम चाललं आहे.