लोखंडी तारवांची जीवनयात्रा

पदार्थविज्ञानाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें आम्हांस दोन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न असा कीं, लोखंडाचा लहानसा खिळा पाण्यांत टाकतांच बुडतो, तर हजारों मण लोखंडाचें जहाज तरंगतें कसें? याचें उत्तर सोपें होतें. घरांतील लोखंडी कढई हौदांत अलगद सोडून पाहा, ती तरंगते. भरीव खिळा आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारूं शकत नाहीं, पोकळ कढई सारूं शकते. हाच आर्किमिडीजचा नियम. आणि जहाज म्हणजे तरी एक मोठी, लांबट कढईच होय. दुसऱ्या प्रश्नानें मात्र आम्हांस क्षणभर निरुत्तर केलें. तो म्हणाला, "सर, लोखंड तर लांकडासारखें कुजत नाहीं. मग दीडशें वर्षांपूर्वींचीं तीं शिडांचीं लोखंडी जहाजें गेलीं कोठें?"

या प्रश्नाचें उत्तर तासाची घंटा होण्यापूर्वीं देतां येण्यासारखें नव्हतें. म्हणून तें येथें सविस्तर देत आहों.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं समुद्रावरील जहाज म्हणजे लांकडाचेंच, अशी सर्वांची समजूत होती. परंतु एक मोठें जहाज बांधावयाचें म्हणजे एक वनच तोडावें लागे, आणि इंग्लंडांत ओकचें चांगलें लांकूड दिवसेंदिवस दुर्मिळ होत चाललें होतें. म्हणूनच त्या सरकारानें आपल्या कांहीं युद्धनौका मुंबईच्या गोदींत सागवानाच्या बांधवून घेतल्या. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं मुंबईस बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली, आणि ती आजही इंग्लंडांतील हार्टलपूल येथें पाहावयास मिळते. यावरून सागवानाची योग्यता दिसून येतेच; पण सागवानही कांहीं अमर्याद नव्हतें. उलट लोखंड व कोळसा यांच्या खाणी इंग्लंड-स्कॉटलंडांत विपुल होत्या. शिवाय लोखंडाचा पातळ पत्रा जें काम करी, त्यासाठीं लांकडाच्या जाडजूड फळ्या व तुळया लागत. त्यामुळें बाहेरून सारख्याच आकाराच्या दोन जहाजांपैकीं लोखंडी जहाजांत माल अधिक मावे. तें अधिक लांब बांधतां येई, आणि त्याचे सांधे लाटांच्या हिसक्यांनीं लांकडी जहाजासारखे ढिले होत नसत. अशा कारणांनीं १८५० नंतर क्लाइड व मर्सी या नद्यांच्या कांठीं, तसेंच संडरलंड, बेलफास्ट वगैरे ठिकाणीं लोखंडी व्यापारी तारवें मोठ्या संख्येनें तयार होऊं लागलीं.

परंतु लोखंडाबरोबर एक नवें संकटही जहाजावर चढलें. होकायंत्राजवळ लोखंडी अडकित्ता नेऊन पाहा. सुई आपली उत्तर दिशा सोडून हलूं लागते. मग ज्या जहाजाच्या सर्वच भिंती लोखंडाच्या, त्यावरील होकायंत्राची काय अवस्था होईल? इतकेंच नव्हे, तर जहाज बांधतांना तें महिनोंमहिने एकाच दिशेस तोंड करून उभें असतें व त्यावर हातोड्यांचे अगणित घाव बसतात. त्यामुळें पृथ्वीच्या चुंबकशक्तीचा परिणाम होऊन तें सबंध जहाजच एक प्रचंड लोहचुंबक बनतें. जॉर्ज एअरी या ज्योतिष्यानें १८३८ सालीं 'रेनबो' नांवाच्या लोखंडी आगबोटीवर प्रयोग करून दाखविलें कीं, होकायंत्राजवळ योग्य जागीं लहान लोहचुंबक व लोखंडाचे तुकडे बसविले असतां हा दोष सुधारतां येतो. उपाय सांपडला खरा, पण पुढें समुद्रावर कांहीं निराळेंच दिसून आलें.

१८५४ च्या जानेवारींत 'टेलर' नांवाचें नवें कोरें लोखंडी तारूं लिव्हरपूलहून ऑस्ट्रेलियास निघालें. नव्या देशांत नशीब काढावयास निघालेलीं कुटुंबेंच्या कुटुंबें त्यावर होतीं. तारूं बंदर सोडून खुल्या समुद्रांत येतें न येतें तोंच त्यावरील होकायंत्रें एकमेकांशीं जुळेनातशीं झालीं. आपण दक्षिणेस चाललों आहों अशी कप्तानाची समजूत. पण तारूं वस्तुतः पश्चिमेस, आयर्लंडच्या किनाऱ्याकडे चाललें होतें. निघाल्यापासून तिसऱ्या दिवशीं, २१ जानेवारी रोजीं, डब्लिनजवळील लँबे बेटाच्या खडकांवर तें आदळलें आणि तीनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. जमीन इतकी जवळ होती कीं, कित्येक जण तारवावरून खडकांवर उड्या टाकून वांचले. परंतु पायघोळ कपड्यांमुळें स्त्रियांस तें साधलें नाहीं, व त्यांपैकीं फारच थोड्या जगल्या.

या अपघातानें अनेकांचे डोळे उघडले. पूर्वीं देवमासे मारणाऱ्या जहाजाचा कप्तान असलेला व पुढें धर्मोपदेशक झालेला विल्यम स्कोर्सबी हा सांगत असे कीं, जहाजाचें चुंबकत्व कायम एकसारखें राहत नाहीं, लाटांच्या तडाख्यांनीं तें बदलतें; म्हणून एक होकायंत्र लोखंडापासून दूर, उंच डोलकाठीवर ठेवावें. आपलें म्हणणें पडताळून पाहण्यासाठीं त्यानें उतारवयांत, १८५६ सालीं, 'रॉयल चार्टर' या लोखंडी जहाजावरून ऑस्ट्रेलियाचा प्रवास केला. पुढच्याच वर्षीं तो निवर्तला. त्याच्यासारख्यांच्या चिकाटीनेंच पुढील पिढीच्या खलाशांस लोखंडी जहाजावर निश्चिंतपणें झोंप घेतां आली.

लोखंडास आणखी एक वैगुण्य होतें. समुद्राच्या पाण्यांत राहिलेल्या तळास शेवाळ व शिंपले चिकटतात आणि जहाजाचा वेग मंदावतो, हें कोंकणांतील विद्यार्थ्यांनीं होड्या पाहून जाणलें असेलच. लांकडी जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे मारले कीं हा त्रास वांचे. पण खाऱ्या पाण्यांत तांबें व लोखंड एकत्र आलें कीं लोखंड झपाट्यानें झिजतें, म्हणून लोखंडी तळास तांबें मारतां येईना. शिवाय लोखंडी भिंतीस आंतून घाम सुटतो व त्यानें चहा बिघडतो, असा चहाच्या व्यापाऱ्यांचा ग्रह होता. म्हणूनच १८६९ सालचें सुप्रसिद्ध 'कटी सार्क' हें चहावाहू जहाज लोखंडाचा सांगाडा व त्यावर लांकडी फळ्या अशा मिश्र पद्धतीनें बांधलें गेलें.

त्याच वर्षीं सुवेझचा कालवा खुला झाला. कालव्यांत शिडांचा उपयोग नसे, आणि तांबड्या समुद्रांतील वारे शिडाच्या जहाजास प्रतिकूल. त्यामुळें आगबोटींचा मार्ग कित्येक हजार मैलांनीं कमी झाला, व शिडांच्या जहाजांस मात्र आफ्रिकेच्या टोंकास वळसा घालूनच यावें लागे. तेव्हां शिडांचा काळ संपला असें कोणासही वाटेल. पण तसें झालें नाहीं. ज्या मालास घाई नसते, तो माल शिडाच्या जहाजानें स्वस्तांत जाई, कारण वाऱ्यास दाम पडत नाहीं. बंगालचा ताग, ब्रह्मदेशचा तांदूळ, ऑस्ट्रेलियाची लोकर व गहूं, चिलीचा सोरा आणि वेल्सचा कोळसा या मालांवर लोखंडी तारवांनीं आणखी कित्येक वर्षें आपलें पोट भरलें. गंमत अशी कीं, दूरदूरच्या बंदरांतून आगबोटींसाठीं लागणारा कोळसा शिडांचीं जहाजेंच नेऊन पोंचवीत असत!

आतां अशा एका तारवाचें चरित्र पाहूं. १८६३ सालीं आइल ऑफ मॅन या बेटावरील रॅम्झी येथें 'युटर्पी' नांवाचें २०५ फूट लांबीचें लोखंडी तारूं बांधण्यांत आलें. त्याची पहिलीच सफर आपल्या देशाकडे, कलकत्त्यास होती. निघतांच वेल्सच्या किनाऱ्याजवळ एका स्पॅनिश जहाजाशीं त्याची टक्कर झाली, खलाशांनीं पुढें जाण्याचें नाकारलें, व तारूं परत फिरवावें लागलें. दुसऱ्या सफरींत बंगालच्या उपसागरांत वादळानें गांठलें. तेव्हां डोलकाठ्या तोडून टाकून तें कसेंबसें लंकेच्या त्रिंकोमाली बंदरास लागलें. परतीच्या वाटेवर कप्तान वारला व त्याचा देह समुद्रास अर्पण करण्यांत आला. असा अपशकुनी आरंभ पाहून कोणीही म्हणालें असतें कीं, हें जहाज फार दिवस टिकणार नाहीं! पण पुढें १८७१ पासून सुमारें २५ वर्षें त्यानें न्यूझीलंडास जाणारे वसाहतवाले नेले व पृथ्वीस २१ प्रदक्षिणा घातल्या. नंतर तें अमेरिकनांच्या हातीं गेलें, अलास्कांतील मासळीच्या कारखान्यांसाठीं माणसें व सामान वाहूं लागलें, आणि १९०६ सालीं त्याचें नांव 'स्टार ऑफ इंडिया' असें ठेवण्यांत आलें. १९२३ सालीं त्याची नोकरी संपली.

सर्वच जहाजांस इतकें आयुष्य लाभलें नाहीं. ग्लासगो येथें १८७३ सालीं बांधलेलें 'लॉक आर्ड' हें लोखंडी तारूं १ जून १८७८ रोजीं मेलबोर्नला पोंचण्याच्या बेतांत असतां ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील खडकांवर फुटलें. त्यावरील ५४ जणांपैकीं दोनच वांचले: टॉम पिअर्स हा उमेदवार खलाशी आणि ईव्हा कारमायकेल ही तरुणी. स्वतः किनाऱ्यास लागलेला टॉम तिची हांक ऐकून पुनः लाटांत शिरला व तिला ओढून बाहेर घेऊन आला. मेलबोर्नच्या प्रदर्शनासाठीं पेटींत भरलेला एक चिनीमातीचा मोर त्या लाटांतून जवळजवळ जसाचा तसा किनाऱ्यास लागला. तेथेंच ५२ माणसें गेलीं, हा योगायोग मनास चटका लावतो. आणखी कित्येक जहाजें तर बंदरांतून निघालीं तीं निघालींच. त्यांची वार्ता पुनः आली नाहीं.

जीं समुद्रांतून वांचलीं त्यांस म्हातारपणीं हलकीं कामें करावीं लागलीं. १८८५ सालीं साउथॅम्प्टन येथें बांधलेलें 'वेव्हरट्री' प्रथम हिंदुस्थानांतील ताग स्कॉटलंडास नेत असे. १९१० सालीं केप हॉर्नजवळ वादळांत त्याच्या डोलकाठ्या मोडल्या. दुरुस्तीचा खर्च परवडेना म्हणून मालकांनीं तें विकलें. पुढें दक्षिण अमेरिकेच्या टोंकास पुंता अरेनास येथें तें तरंगतें कोठार झालें, आणि १९४७ नंतर ब्युनोस आयरिस येथें वाळू वाहणारी डोलकाठीहीन नाव झालें. पण कवच मजबूत होतें. घडीव लोखंड पोलादापेक्षां गंजास अधिक काळ तोंड देतें, असा जुन्या जाणकारांचा अनुभव आहे. १९६० नंतरच्या दशकांत कांहीं जाणत्यांनीं त्या वाळूच्या नावेंत जुनें तारूं ओळखलें, व १९७० सालीं तें न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत दाखल झालें.

शेवटीं दोन जहाजांची तुलना करूं, म्हणजे त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें खरें उत्तर मिळेल. 'स्टार ऑफ इंडिया' १९२७ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें आणलें गेलें. पैशाच्या अभावीं तेंही ३० वर्षें धक्क्यास लागून गंजत पडलें होतें. १९५७ सालीं ॲलन व्हिलियर्स या दर्यावर्दी लेखकानें त्याची दैना पाहून तेथील नागरिकांची कानउघाडणी केली. लोक जागे झाले, वर्गणी जमली, आणि १९७६ सालीं, जन्मापासून ११३ वर्षांनीं, तें पुनः शिडें उभारून समुद्रावर गेलें. दुसरें 'फॉल्स ऑफ क्लाइड'. हें १८७८ सालीं पोर्ट ग्लासगो येथें बांधलेलें चार डोलकाठ्यांचें सुंदर तारूं. त्याची पहिली सफर कराचीस झाली. पुढें त्यानें हवाई बेटांची साखर वाहिली, व १९०७ पासून पोटांत टाक्या बसवून खनिज तेलही वाहिलें. १९६३ सालीं समुद्राचा बांध म्हणून तें बुडविलें जाणार होतें, तोंच लोकांनीं पैसे जमवून तें सोडविलें व होनोलुलूस नेलें. तेथें कित्येक वर्षें मुलें तें पाहावयास जात. पण पुढें देखभाल थांबली, पत्रे गंजून चाळणीसारखे झाले; आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें तें समुद्रांत ओढून नेऊन बुडविण्यांत आलें.

दोन्ही तारवें घडीव लोखंडाचींच. दोन्हींनीं आरंभीं आपल्याच किनाऱ्यांकडे फेऱ्या केल्या, दोन्हींनीं महासागर सोसले, आणि दोन्हीं एकदां लोकांच्या दयेनें मरणांतून सुटलीं. भेद पडला तो सुटकेनंतरच्या काळजींत. एकाचा गंज वर्षानुवर्षें खरडला गेला, दुसऱ्याचा वाढूं दिला गेला. वर्गणी एका उत्साहाच्या भरांत गोळा होते. गंज मात्र रोजच्या रोज चढतो.

तर बाळा, लोखंड कुजत नाहीं हें तुझें म्हणणें खरें, पण तें गंजतें. कांहीं तारवें खडकांनीं नेलीं, कांहीं वादळांनीं. बाकीचीं बहुतेक मोडींत गेलीं किंवा दुर्लक्षानें संपलीं. आपल्या शाळेचें लोखंडी फाटक पावसाळा संपतांच शिपाई खरडतो व त्यास रंग देतो, तें तूं दरवर्षीं पाहतोस. येत्या वर्षीं तें काम चाललें असतां घटकाभर तेथें उभा राहा, आणि जमल्यास ब्रश हातीं घे.