आंतरराष्ट्रीय संबंध व राजनय (पदव्युत्तर शिक्षण)

राष्ट्राराष्ट्रांमधील युद्ध, तह, व्यापार, वाटाघाटी आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या, पदवीनंतरच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमास आंतरराष्ट्रीय संबंध व राजनय या विषयातील पदव्युत्तर शिक्षण असे म्हणतात. भारतात हा अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा व चार सत्रांचा असून तो पूर्ण केल्यावर एम.ए. ही पदवी मिळते. ब्रिटनमध्ये तो बहुधा एका वर्षात, तर अमेरिकेत दोन वर्षांत पूर्ण होतो. ही पदवी घेतली म्हणजे राजदूत होता येते, असा समज अनेकदा आढळतो. प्रत्यक्षात भारतीय परराष्ट्र सेवेत प्रवेश मिळवण्यासाठी ही पदवी आवश्यकही नाही आणि पुरेशीही नाही. जागतिक घडामोडींकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची सवय लावणे, हे तिचे मुख्य कार्य होय.

संज्ञा

‘आंतरराष्ट्रीय संबंध’ या संज्ञेत राष्ट्रांच्या परस्परव्यवहारांचे संपूर्ण क्षेत्र येते. ‘राजनय’ हा त्याचा एक भाग असून वाटाघाटी व प्रतिनिधित्व यांच्या साहाय्याने परराष्ट्रव्यवहार चालवण्याची कला, असा त्याचा अर्थ होतो. मराठीत याच अर्थाने ‘मुत्सद्देगिरी’ हा शब्द अधिक प्रचलित आहे. पेशवाईत परराज्याच्या दरबारी नेमलेल्या प्रतिनिधीस ‘वकील’ म्हणत. दिल्ली दरबारी पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती आणि या घराण्याचे दप्तर मराठ्यांच्या राजनयाच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन आहे. आज ‘वकील’ शब्दाचा अर्थ न्यायालयापुरता मर्यादित झाला असला, तरी दूतावासासाठी ‘वकिलात’ हा शब्द अद्याप वापरात आहे.

उगम

विद्यापीठीय विषय म्हणून आंतरराष्ट्रीय संबंधांचा आरंभ पहिल्या महायुद्धानंतर झाला. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे १९१९ साली आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. युद्धात मरण पावलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस व त्यांच्या भगिनींनी दिलेल्या देणगीतून ते उभे राहिले. युद्धे का होतात हे समजले तर ती टाळता येतील, ही त्यामागील आशा होती. याच अध्यासनावर पुढे आलेल्या ई. एच. कार यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ या ग्रंथात या आशावादावर कठोर टीका केली. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. आदर्श आणि सत्ता यांमधील हा वाद आजही अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आहे.

भारतातील विकास

नवी दिल्ली येथे १९५५ साली ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ ही संस्था सुरू झाली. तिच्या स्थापनेत पुण्यातील भारत सेवक समाजाचे अध्यक्ष हृदयनाथ कुंझरू यांचा महत्त्वाचा वाटा होता. १९७० साली ही संस्था जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय संबंध विभाग १९५६ पासून कार्यरत आहे. सार्क देशांनी स्थापन केलेल्या दिल्लीतील साउथ एशियन युनिव्हर्सिटीतही या विषयाचे पदव्युत्तर अध्यापन होते. महाराष्ट्रातील बहुतेक विद्यापीठांत तो राज्यशास्त्राच्या एम.ए. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकवला जातो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

विद्यापीठागणिक तपशील बदलत असले, तरी पुढील विषय बहुतेक ठिकाणी आढळतात: आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत, विसाव्या शतकाचा राजनैतिक इतिहास, आंतरराष्ट्रीय कायदा, आंतरराष्ट्रीय संघटना, आंतरराष्ट्रीय अर्थकारण, भारताचे परराष्ट्र धोरण आणि एखाद्या प्रदेशाचा विशेष अभ्यास. राजनयाच्या अभ्यासात १९६१ च्या व्हिएन्ना कराराला मध्यवर्ती स्थान असते. दूतावासाची जागा अनुल्लंघनीय का मानतात, राजनैतिक प्रतिनिधीला अटक का करता येत नाही आणि यजमान देश कारण न सांगता त्याला परत बोलावण्यास कसे सांगू शकतो, याचे नियम या करारात आहेत. काही अभ्यासक्रमांत कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील मंडल सिद्धांत व षाड्गुण्य यांचाही समावेश असतो. दूतांचे अधिकारानुसार निसृष्टार्थ, परिमितार्थ व शासनहर असे तीन प्रकार कौटिल्याने सांगितले आहेत. अखेरच्या टप्प्यात अनेक ठिकाणी लघुप्रबंध लिहावा लागतो.

सिद्धांतांचा उपयोग

सिद्धांत म्हणजे एकाच घटनेकडे पाहण्याच्या निरनिराळ्या दृष्टी होत. १९७१ चे बांगलादेश युद्ध हे त्याचे उदाहरण म्हणून घेता येते. वास्तववादी अभ्यासक सत्तासंतुलनाकडे लक्ष वेधतो. जुलै १९७१ मध्ये हेन्री किसिंजर पाकिस्तानमार्गे गुप्तपणे चीनला गेले आणि अमेरिका, चीन व पाकिस्तान यांची जवळीक स्पष्ट झाली. ९ ऑगस्ट रोजी भारताने सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला. या दृष्टीने तो त्या जवळिकीला दिलेला प्रतिशह ठरतो. उदारमतवादी अभ्यासक संस्था, कायदा व लोकमत यांना महत्त्व देतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीची मागणी केली, तरी युद्ध तात्काळ थांबले नाही, या प्रसंगातून संस्थांची शक्ती व मर्यादा तो तपासतो. रचनावादी अभ्यासक बंगाली भाषिक अस्मिता आणि अलिप्ततावादी राष्ट्र ही भारताची स्वप्रतिमा यांकडे पाहतो. भारतात आलेल्या सुमारे १ कोटी निर्वासितांचा अर्थही प्रत्येक दृष्टीत वेगळा लागतो: कुठे सुरक्षेचा प्रश्न म्हणून, कुठे मानवी हक्कांचा प्रश्न म्हणून. यांपैकी कोणतीही एक दृष्टी संपूर्ण सत्य सांगत नाही, हे उमगणे हा या शिक्षणाचा महत्त्वाचा टप्पा होय.

प्रवेश व शिष्यवृत्ती

बऱ्याच विद्यापीठांत कोणत्याही शाखेच्या पदवीधरास प्रवेशासाठी अर्ज करता येतो. अनेक केंद्रीय विद्यापीठांतील प्रवेश ‘सीयूईटी-पीजी’ या सामाईक परीक्षेद्वारे होतात. ब्रिटनमधील शिक्षणासाठी ‘चेव्हनिंग’ शिष्यवृत्ती उपलब्ध आहे. तीसाठी कामाचा पूर्वानुभव आवश्यक असून शिक्षणानंतर मायदेशी परतण्याची अट असते. महाराष्ट्र शासन अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशातील उच्च शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिष्यवृत्ती देते.

पदवी आणि परराष्ट्र सेवा

भारतीय परराष्ट्र सेवेतील थेट भरती संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेद्वारे होते. तीसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. मुख्य परीक्षेत ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ हा वैकल्पिक विषय घेता येतो. त्याच्या दोन प्रश्नपत्रिका प्रत्येकी २५० गुणांच्या असतात. भाषाविषयक पात्रता प्रश्नपत्रिका वगळता मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात आणि मुलाखतही मराठीत देता येते. निवड झालेल्या उमेदवारांना दिल्लीतील सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत राजनयाचे प्रशिक्षण दिले जाते. म्हणजेच राजनयाचे व्यावसायिक शिक्षण भारतात मुख्यतः निवडीनंतर मिळते.

ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या शिक्षणातही हे वैविध्य दिसते. एस. जयशंकर यांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून आंतरराष्ट्रीय संबंधांत पीएच.डी. केली, तर विजय गोखले यांचे पदव्युत्तर शिक्षण इतिहासात झाले. हे दोघेही परराष्ट्र सचिव झाले.

इतर क्षेत्रे व मर्यादा

पदवीधरांना अध्यापन, संशोधन, पत्रकारिता, आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्था व व्यापारविषयक सल्लाकार्य ही क्षेत्रे खुली असतात. दिल्लीतील मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था आणि मुंबईतील गेटवे हाऊस या धोरणविषयक संशोधन संस्थांची उदाहरणे होत. महाविद्यालयीन अध्यापनासाठी ‘नेट’ किंवा ‘सेट’ या परीक्षांचा मार्ग प्रचलित आहे. मात्र अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय पदवीप्रमाणे या पदवीला एक ठरावीक व्यवसाय जोडलेला नाही. त्यामुळे एखादी परदेशी भाषा, अर्थशास्त्र, कायदा किंवा विशिष्ट प्रदेशाचे सखोल ज्ञान यांची जोड तिला उपयुक्त ठरते.

विषयाचे मूलभूत ग्रंथ प्रामुख्याने इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रांत विषय आणि भाषा या दोहोंशी एकाच वेळी झुंजावे लागते. सिद्धांतांचा उगम मुख्यतः युरोप व अमेरिकेच्या अनुभवात आहे, हीदेखील त्यांची मर्यादा मानली जाते. आशिया व आफ्रिकेच्या इतिहासाला या विद्याशाखेत स्थान मिळावे, असा आग्रह अमिताव आचार्य यांच्यासारख्या अभ्यासकांनी धरला आहे. ज्या भाषेत वकिलांच्या पत्रव्यवहाराची दप्तरे उपलब्ध आहेत, त्या मराठीच्या अभ्यासकांना या प्रयत्नात भर घालण्यास वाव आहे.