मुंबईचा विमानतळ आणि आपण हुबळीकर

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. साहजिकच येथील मराठी कुटुंबांच्या शिक्षणाचा, नोकरीचा आणि व्यापाराचा ओढा मुंबईकडे असे. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी परदेशी निघालेल्या माणसास निरोप द्यावयाचा तो मुंबईसच, ही चाल कित्येक दशके टिकली. तेथील विमानतळास १९९९ मध्ये छत्रपती शिवरायांचे नाव मिळाले, २०१८ मध्ये त्यात 'महाराज' हे पद जोडले गेले. परंतु देशपांडे नगरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी अद्याप 'सांताक्रूझ'च आहे. त्यात त्यांचा अनादर नसतो. हार, पेढे, पत्र्याची ट्रंक आणि निरोपास आलेली दहा माणसे असा सारा काळ त्या एका नावाला चिकटलेला आहे.

मुंबईच्या विमानवाहतुकीचा आरंभ मात्र सांताक्रूझचा नव्हे, जुहूचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूस उतरले. तेच टपाल पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बल्लारीमार्गे मद्रासला नेले. गदग-होसपेटवरून आपण रेल्वेने जातो तेच हे बल्लारी! पहिल्या हवाई टपालाच्या वाटेवर आपला शेजार होता, ही गोष्ट शाळेतील मुलांना सांगितली की त्यांचे डोळे चमकतात. सांताक्रूझची धावपट्टी महायुद्धात लष्कराच्या कामी आली, आणि स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले.

या विमानतळाचे खरे दुखणे जागेचे आहे. येथे धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदून जातात. म्हणून एका वेळी एकच वापरता येते. अशा स्थितीत दिवसाकाठी नऊशेहून अधिक विमानांची ये-जा आणि वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी सांभाळणे, ही आम्हांस मोठी करामत वाटते. वाढावे म्हटले तर भोवताली दाट वस्ती, आणि धावपट्टीखालून वाहणारी मिठी नदी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा विमानतळच पाण्याखाली जाऊन बंद पडला. फेब्रुवारी २०१४ पासून वापरात आलेली नवी इमारत देखणी आहे. मोरपिसाची आठवण करून देणारे तिचे छत आणि 'जय हे' हे भिंतींवरील कलादालन पाहण्याजोगे आहे. पण इमारत कितीही सुंदर असली तरी त्यामुळे धावपट्टी वाढत नाही.

इकडे २४ मे २००८ रोजी बंगळूरजवळ देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि आपल्याकडील ओघ हळूहळू दक्षिणेकडे वळला. बंगळूर सुमारे चारशे किलोमीटर, मुंबई साडेपाचशेहून अधिक. नोकरीनिमित्त मुलेही बंगळुरात. हे योग्यच झाले. मात्र पूर्वी परदेशी जाण्याच्या निमित्ताने दादर-गिरगावच्या आप्तांकडे दोन दिवस मुक्काम होई, लग्ने जुळत, पुस्तके येत. तो मुक्काम सुटला. आजची नातवंडे त्या आप्तांना चेहऱ्याने ओळखत नाहीत, ही हानी कोणत्याही प्रवासी-संख्येत दिसत नाही.

याहून गंभीर प्रश्न वेगळाच आहे. आपल्या नगरात वृद्ध दांपत्ये एकटी राहतात आणि मुले सातासमुद्रापलीकडे. आई किंवा वडील गेल्याचा निरोप गेला की घरात पहिला प्रश्न निघतो तो विमान कोठे उतरणार याचा. परदेशची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर मुंबईत येतात. गोकुळ रस्त्यावरील आपल्या विमानतळाची नवी इमारत २०१७ मध्ये झाली, परंतु परदेशचे विमान येथे थेट उतरत नाही. पुढचे जोडविमान चुकले, तर रस्त्याने दहा-बारा तास. तोवर देह ठेवावा की पुतण्याच्या हातून अग्नी द्यावा, याचा निर्णय शेजाऱ्यांना घ्यावा लागल्याचे आम्ही पाहिले आहे.

म्हणूनच नव्या मुंबईच्या विमानतळाकडे आपण लक्ष ठेवले पाहिजे. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली. उलवे येथील टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून आणि आगरी-कोळी गावे उठवून ती जागा केली आहे. ज्यांची घरे गेली त्यांचे ऋण प्रवाशांनी विसरू नये. तेथे दोन समांतर धावपट्ट्या योजल्या आहेत, म्हणजे छेदाची अडचण नाही. आपल्या दृष्टीने आणखी एक सोय अशी, की बेळगाव, कोल्हापूर, साताऱ्यावरून पुणे ओलांडून जाणाऱ्यास तो पनवेलजवळच, मुंबईच्या अलीकडे लागतो. खाडीपूल ओलांडून शहराच्या गर्दीत शिरण्याचे कारण नाही. तेथे परदेशचे विमान पहाटे उतरले, तर मुलगा संध्याकाळपर्यंत हुबळीत पोहोचू शकेल.