दूरचित्रवाणी राऊटर आणि नियंत्रणप्रणाली यांतील संवाद

दूरचित्रवाणी केंद्रात कॅमेरे, सर्व्हर, उपग्रहावरून येणारे संकेत असे अनेक स्रोत असतात आणि मॉनिटर, मुद्रणयंत्रे, प्रक्षेपणाची वाट अशी अनेक गंतव्यस्थाने. कोणताही स्रोत कोणत्याही गंतव्यस्थानी पोचविणारे यंत्र म्हणजे राऊटर. आडव्या आणि उभ्या तारांची जाळी डोळ्यांसमोर आणली, की त्याची रचना कळते. ज्या छेदबिंदूवर जोड होतो, त्याला तंत्रज्ञ क्रॉसपॉइंट म्हणतात. एक स्रोत एकाच वेळी कितीही ठिकाणी जाऊ शकतो. गंतव्यस्थानाला मात्र एका वेळी एकच स्रोत लाभतो. म्हणूनच नियंत्रणाच्या भाषेत प्रश्न नेहमी गंतव्यस्थानाच्या बाजूने विचारला जातो: येथे सध्या काय येत आहे?

राऊटर स्वतः काही ठरवीत नाही. ठरविते ती नियंत्रणप्रणाली, आणि या दोहोंना जोडणे म्हणजे केवळ तार लावणे नव्हे. तारेचा भाग तुलनेने सोपा आहे. दीर्घकाळ त्यासाठी आरएस-४२२ ही क्रमिक जोडणी वापरली गेली. तिच्यात प्रत्येक दिशेला दोन तारांची जोडी असते आणि संकेत त्या दोन तारांतील फरकातून वाचला जातो. त्यामुळे लांब अंतरावरही गोंगाटाचा उपद्रव कमी होतो. एकाची पाठविणारी जोडी दुसऱ्याच्या ऐकणाऱ्या जोडीला लागली पाहिजे आणि दोन्ही टोकांचा वेग, सामान्यतः सेकंदाला ३८,४०० बिट, एकच असला पाहिजे. एवढे जमले की खरा विषय सुरू होतो, तो भाषेचा.

या क्षेत्रात सर्वाधिक रूढ झालेल्या भाषांपैकी एक म्हणजे प्रो-बेल या ब्रिटिश कंपनीची एसडब्ल्यू-पी-०८. ही कंपनी २००९ मध्ये स्नेल या नव्या कंपनीत विलीन झाली. तिची भाषा मात्र इतर उत्पादकांच्या यंत्रांतून आजही चालते. या भाषेतील प्रत्येक संदेशाला आरंभचिन्ह आणि अंतचिन्ह असते. मध्ये आज्ञा, स्तर, गंतव्यस्थान व स्रोत यांचे क्रमांक, आणि शेवटी पडताळणीची बेरीज. स्तर याचा अर्थ चित्र, ध्वनी यांसारखे स्वतंत्र थर. चित्र एका स्रोताचे आणि ध्वनी दुसऱ्याचा, असे मुद्दाम करता येते, तसेच ते चुकूनही होऊ शकते.

क्रमांकांत एक सापळा आहे. फलकावर स्रोत एकपासून मोजले जातात, संदेशात शून्यापासून. बारावे गंतव्यस्थान संदेशात अकरा असते. हा फरक एका बाजूने विसरला, तर प्रत्येक चित्र शेजारच्या वाटेने जाते, आणि यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. दुसरा सापळा अधिक सूक्ष्म आहे. संदेशाची आरंभ व अंतचिन्हे ज्या बाइटने सुरू होतात, त्याचे मूल्य सोळा. साहजिकच संदेशाच्या पोटात सोळा हा आकडा आला, तर तो दोनदा लिहावा, असा नियम आहे. हा नियम न पाळणारी नियंत्रणप्रणाली पहिल्या सोळा स्रोतांपर्यंत बहुधा निर्दोष वाटते आणि सतराव्यावर अडखळते. तेव्हा संशय तारेवर घेतला जातो. दोष व्याकरणात असतो.

पोच आणि पूर्ती यांत भेद करणे याहूनही महत्त्वाचे. संदेश नीट मिळाला, एवढेच राऊटरची पोच सांगते. जोड झाल्याचे तो निराळ्या संदेशाने कळवितो, कारण चित्र मध्येच फाटू नये म्हणून बदल दोन चौकटींमधील विरामात केला जातो. भारतात रूढ असलेल्या सेकंदाला २५ चौकटींच्या पद्धतीत एक चौकट ४० सहस्रांश सेकंदांची. पोच मिळताच फलकावरील दिवा पेटविणारी प्रणाली म्हणूनच अविश्वसनीय. राऊटरवरच्या फलकाची कळ कोणी थेट दाबली, किंवा वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाले, तर प्रणालीच्या स्मृतीतील चित्र आणि प्रत्यक्ष स्थिती यांची फारकत होते. चांगली प्रणाली प्रत्येक पुनर्जोडणीनंतर सर्व जोडांची यादी नव्याने मागविते. अर्थात ‘जोड झाला’ या उत्तरावरून त्या वाटेने चित्र वाहते आहे असे ठरत नाही. स्रोतच मुका असेल तर राऊटरचा त्यात दोष नाही.

पुढे तारेची जागा संगणकजालाने घेतली. ब्लॅकमॅजिकच्या व्हिडिओहबची भाषा तर साध्या वाचनीय मजकुराची आहे. २०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या एसएमपीटीई २११० या मानकात चित्रच जालावरून वाहते. तेथे जाळी उरत नाही, गंतव्ययंत्रालाच कोणता प्रवाह घ्यावा हे सांगितले जाते.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना यांतील नावांचा प्रश्न जवळचा वाटेल. एसडब्ल्यू-पी-०८ मध्ये स्रोताचे नाव चार, आठ किंवा बारा चिन्हांचे असते, आणि चिन्ह म्हणजे एक बाइट. ‘कोल्हापूर’ हा शब्द चार अक्षरांचा. परंतु युनिकोडमध्ये तो नऊ चिन्हांचा होतो आणि यूटीएफ-८ पद्धतीत २७ बाइटांचा. तो या चौकटीत मावत नाही, मधेच तोडला तर मात्रा निराधार होतात. म्हणून देवनागरी नावे नियंत्रणप्रणालीने आपल्याच कोशात ठेवावीत आणि राऊटरशी केवळ क्रमांकांनी बोलावे, हीच व्यवहार्य वाट आहे. मात्र तो कोश राऊटरमधील नावांपासून स्वतंत्र असल्याने, तारांची अदलाबदल झाली की तोही त्याच दिवशी दुरुस्त करावा लागतो.